काळा दगड काळा का असतो?
परवा राजगड चढताना ताजा फुटलेला एक दगड उचलला, भिंगातून बघितला आणि बघतच राहिले. सह्याद्रीचा बेसाल्ट बाहेरून नुसता काळा वाटतो पण आत बारीक काळपट-हिरवट कण असतात ना, ते पायरॉक्सिन, लोखंड आणि मॅग्नेशियम भरलेलं खनिज, त्याच्यामुळेच तर हा रंग आणि हाताला जाणवणारं ते वजन. फिकट कण फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हा! आणि महाबळेश्वर-पाचगणीला तोच दगड पावसात झिजून झिजून लाल जांभा होतो, कारण आतलं लोखंड चक्क गंजतं, मॅग्नेशियम मात्र पाण्याबरोबर वाहून जातं. आता आईचा पाटा-वरवंटापण भिंग लावून बघतेय, तोही बेसाल्टच की.