पेकहॅमच्या माळावरचं झाड

आमच्या घराजवळ, दक्षिण लंडनमध्ये, पेकहॅम राय नावाचा मोठा माळ आहे. एका अंगाला बाग, काही जुनी झाडं, बाकी सगळं गवत. संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात, माणसं कुत्री फिरवतात. इथे राहायला आल्यावर दोन वर्षं मी या माळाच्या कडेने रोज स्टेशन गाठत होते. माझ्यासाठी तो नुसता रस्ता होता.

मग एका शनिवारी राय लेनवर भाजीला गेले. तिथे भेंडी आणि तिखट मिरची मनासारखी मिळते, त्यामुळे आठवड्याची फेरी ठरलेलीच. येताना चॅरिटी शॉपच्या दारातल्या खोक्यात एक जुनं पुस्तक दिसलं. अलेक्झांडर गिलख्रिस्टने लिहिलेलं, इंग्लिश कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं चरित्र. मूळ पुस्तक १८६३ चं, ही प्रत एव्हरीमन्स लायब्ररी या ग्रंथमालेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. कागद पिवळा पडलेला, आकार आपल्या नित्यपाठाच्या पोथीएवढा. तीन पौंडांना घेतलं आणि भाजीच्या पिशवीत मेथीवर ठेवलं.

घरी येऊन चाळायला बसले तर सुरुवातीलाच पेकहॅम राय! आठ-दहा वर्षांचा विल्यम फिरत फिरत या माळावर येतो आणि त्याला एक झाड दिसतं, देवदूतांनी भरलेलं. फांदीफांदीवर पंख ताऱ्यांसारखे चमकताहेत. घरी जाऊन सांगतो, तर खोटं बोलतो म्हणून वडील मारायला उठतात आणि आई मध्ये पडते म्हणून तो वाचतो. ही गोष्ट इंग्लंडमध्ये आज पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती आपल्यापर्यंत आली ती या चरित्रातून. गिलख्रिस्टने म्हाताऱ्या माणसांना गाठून, विचारून ती टिपून ठेवली नसती तर त्यांच्याबरोबरच गेली असती. दुसऱ्या दिवशी मी माळावर गेले ते एकेका झाडाखाली थांबतच.

ब्लेक म्हटलं की आपल्याकडे कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना वाघावरची कविता आठवते. पण तो पोटासाठी होता तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा कारागीर. १७५७ साली सोहोमध्ये मोजे विकणाऱ्याच्या घरी जन्मलेला, चौदाव्या वर्षापासून सात वर्षं बझायर नावाच्या उस्तादाकडे उमेदवारी केलेला. छपाईची एक रीत त्याने स्वतः बसवली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या रोगणाने कविता लिहायची, तीही आरशात दिसते तशी उलटी, आणि तिच्याभोवती चित्र काढायचं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. उघडं तांबं खाल्लं जातं, रोगणाखालची रेघ उठून राहते. तिला शाई लावून छापायचं आणि प्रत्येक पान हाताने रंगवायचं. माझं बालपण पुण्यात कसब्यात, तांबट आळीच्या ठोक्यांच्या आवाजात गेलं. त्यामुळे हे वाचताना मला कवी दिसण्याआधी पत्र्यावर वाकलेला, नखांत काळं गेलेला माणूस दिसला.

आणि शेजारी त्याची बायको. कॅथरीनने १७८२ साली बॅटरसीच्या चर्चमध्ये लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारली होती. आपल्याकडे अंगठा उठवतात तसं. ब्लेकने तिला लिहायला-वाचायला शिकवलं आणि पुढे पंचेचाळीस वर्षं ती छापखान्याची अर्धी बाजू सांभाळत होती. शाई लावणं, दाब देणं, रंग भरणं. १८०९ साली ब्लेकने भावाच्या दुकानातच आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. माणसं फारशी फिरकली नाहीत आणि एका समीक्षकाने तर त्याला वेडा ठरवून टाकलं. १८२७ साली तो गेला तेव्हा त्याला मानणारी दहा-वीस माणसं होती. बहुतेक तरुण चित्रकार.

गिलख्रिस्टने या तरुणांना गाठलं, तोवर त्यांचेच केस पिकले होते. सॅम्युएल पामरने त्याला ब्लेकबद्दल लांबलचक पत्र लिहून दिलं, तेही पुस्तकात आहे. गिलख्रिस्ट स्वतः इतिहासकार कार्लाइलच्या शेजारी, चेल्सीत राहायचा. चित्रकार एटीचं चरित्र त्याने आधी लिहिलं होतं. ब्लेकवर काही वर्षं काम झालं, मजकूर छपाईच्या वाटेला लागला आणि १८६१ च्या शरद ऋतूत घरात स्कार्लेट फीवर शिरला. आधी मूल आजारी पडलं, मग तो. ३० नोव्हेंबरला गेला. वय तेहतीस.

मागे त्याची बायको अ‍ॅन. तीही तेहतिशीचीच, पदरात चार मुलं. लंडनमधलं घर मोडून ती हॅझलमिअरजवळच्या शॉटरमिल या खेड्यात गेली आणि टिपणांचे गठ्ठे सोबत घेऊन गेली. पुस्तक पुरं करायला तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मुलांना निजवून ती काय काय करत असेल याचा विचार मी पुष्कळदा करते: तारखा जुळवणं, अर्धवट वाक्यं लावणं, मुद्रितं तपासणं. कवी-चित्रकार दांते गेब्रिएल रोझेटी आणि त्याचा भाऊ विल्यम मायकेल मदतीला आले. विल्यमने ब्लेकच्या चित्रांची यादी केली, दांतेने कविता निवडल्या. दांतेकडे तर ब्लेकची हस्तलिखित वहीच होती. १८४७ साली, ऐन विशीच्या आत असताना, ब्रिटिश म्युझियममधल्या एका सेवकाकडून त्याने ती दहा शिलिंगांना घेतली, तीही भावाकडून पैसे उसने घेऊन. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

एक गोष्ट मात्र मला खुपते. दांतेने ब्लेकच्या ओळी जिथे वृत्तात अडखळतात असं वाटलं तिथे सरळ दुरुस्त केल्या. प्रेमाने केलं असेल, पण दुसऱ्याच्या कवितेला असा हात लावू नये. त्या काळच्या सभ्यतेला झेपणार नाही असा काही मजकूरही बाजूला राहिला. तरीही १८६३ साली मॅकमिलनने दोन खंड काढले आणि ब्लेक परत आला. मुखपृष्ठाआतल्या पानावर ‘पिक्टर इग्नोटस’ असे लॅटिन शब्द होते, म्हणजे अनोळखी चित्रकार. लेखक म्हणून नाव होतं कैलासवासी अलेक्झांडर गिलख्रिस्टचं. अ‍ॅनने स्वतःकडे फक्त प्रस्तावना ठेवली.

त्या आवृत्तीत आणखी एक नवल होतं. ब्लेकच्या ‘साँग्ज’ या कवितांचे मूळ तांब्याचे पत्रे नाहीसे झाले, पण त्यांतल्या सोळा पानांचे, विजेच्या प्रक्रियेने तयार केलेले ठसे हाताशी होते. ती सोळा पानं त्या ठशांवरूनच छापली. म्हणजे वाचकाच्या हातात ब्लेकच्याच हातची रेघ आली, फक्त रंगाशिवाय.

रंगासकट पान बघायची माझी फार इच्छा होती. ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून कुणालाही जाता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी घाबरतच लिहिलं होतं, कारण मी ना विद्यार्थिनी ना संशोधक. कुणी काही विचारलं नाही. पेन आत ठेवा, पेन्सिल काढा, एवढंच. मग माझ्यासमोर वाघाचं पान आलं.

ते माझ्या तळहातात मावेल एवढं होतं! साधारण अकरा सेंटिमीटर उंच, सव्वासहा रुंद. इतकी वर्षं पुस्तकात आणि पडद्यावर मोठं करून पाहिलेलं, त्यामुळे मनात ते भिंतीएवढं झालं होतं. उजव्या कडेला एक निष्पर्ण झाड आणि त्याच्या फांद्या कडव्यांच्या मधल्या जागेत शिरलेल्या, जणू झाडच कविता तोलून धरतंय. खाली वाघ. कवितेत त्याचे डोळे रात्रीच्या रानात पेटलेले असतात, इथला वाघ शांत, जवळजवळ बिचारा. रंग कडेला रेघेबाहेर किंचित गेला होता. तो विल्यमच्या हातून गेला की कॅथरीनच्या, कोण सांगणार? मी बराच वेळ त्या एका ओघळाकडे बघत बसले.

त्यानंतर इंग्लिश चित्रकारांची चरित्रं वाचायची सवयच लागली. लेस्लीने आपल्या मित्राची, कॉन्स्टेबलची, पत्रं जोडून केलेलं चरित्र (१८४३) मिळालं तर जरूर वाचा. बंधाऱ्यातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब, असल्या गोष्टी मला आवडतात, असं कॉन्स्टेबल मित्राला लिहितो. कोकणातल्या व्हाळाकाठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पण मी फिरून येते ती गिलख्रिस्टकडेच.

माझं ऑफिस ओल्ड स्ट्रीटजवळ आहे. तिथून पाच मिनिटांवर बनहिल फील्ड्स, चर्चशी न पटलेल्यांचं जुनं कब्रस्तान. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डिफो इथेच आहे. प्लेन झाडांची दाट सावली, बाकांवर डबे खाणारी माणसं, पायात येणाऱ्या खारी. ब्लेकला इथे पुरलं तेव्हा दगड बसवला नव्हता. १९२७ मध्ये एक दगड लागला, पण त्यावर लिहिलंय ते असं की विल्यम आणि त्याची पत्नी कॅथरीन यांचे अवशेष ‘जवळच’ आहेत. नेमकं कुठे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढे ब्लेकच्या वाचकांपैकी एका नवरा-बायकोने ध्यास घेतला. दफनाच्या जुन्या नोंदवहीत जागेचे आकडे होते, पूर्व-पश्चिम ७७, उत्तर-दक्षिण ३२. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, तेच हरवलेलं. शिल्लक कबरींवरून त्यांनी ती मापं पुन्हा बसवली आणि जागा शोधली. १२ ऑगस्ट २०१८ ला, ब्लेकच्या पुण्यतिथीला, तिथे नवा दगड बसला. त्यावर ‘इथे’ असं लिहिलंय.

दोन्ही दगड अजून आहेत. जुन्यावर लोक नाणी आणि फुलं ठेवून जातात. मंगळवारी डबा घेऊन गेले होते. आधी जुन्या दगडापाशी उभी राहिले, मग गवतातून चालत नव्याकडे गेले. पावलं मोजायला लागले आणि मधेच एक खार आडवी गेली, मोजणी चुकली. पुढच्या आठवड्यात परत मोजेन.