नऊ दिवस, ३०० वॅट आणि बूमची सावली

तिसऱ्या रात्री फ्रिज बंद करून झोपलो. शिडाच्या बोटीवर ३०० वॅटची सौर पॅनेलं, दिवसभर कडक ऊन, आणि तरी बॅटरी १२.१ व्होल्टवर. लेड-ॲसिड बॅटरीला हा आकडा म्हणजे निम्मी रिकामी. त्याखाली सारखं उतरलं की तिचं आयुष्य कमी होतं.

निघण्याआधी हिशेब नीट केला होता. १२ व्होल्टवर दिवसाला फ्रिजला ४० अँपिअर-तास, ऑटोपायलटला २५, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा) आणि रेडिओला १२, दिवे-पंप-फोन मिळून ८. एकूण ८५. चांगल्या उन्हात १०० वॅटचं पॅनेल दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास देतं, म्हणजे २५ ते ३३ अँपिअर-तास. अशी तीन पॅनेलं, काठावर का होईना, भागायला हवं होतं.

चौथ्या दिवशी नांगर टाकून होतो. भर दुपारी मीटर बघितला. केबिनच्या छतावर चिकटवलेली दोन लवचिक पॅनेलं मिळून २ अँपिअर देत होती, आणि मागच्या कठड्यावरचं एकटं कडक पॅनेल ५. वर जाऊन पाहतो तर बूमची, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची, हातभर रुंद सावली दोन्ही लवचिक पॅनेलांवर आडवी पडलेली. दोरी बांधून बूम बाजूला ओढली. खालून बायको ओरडली, "नऊ झाले!"

पॅनेलातले सेल माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून वाट काढून देतो, पण तो भाग गेलाच. त्यात आम्ही ती दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकाच माळेत, जोडून ठेवली होती. डोलकाठी, बूम, दोऱ्या यांच्या गर्दीत पॅनेलं समांतर जोडावीत किंवा प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) द्यावा. खर्च वाढतो, पण मी आता दुसरं काही करणार नाही.

नऊ अँपिअरचाही फार आनंद नको. पॅनेलवरचे वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. छताला चिकटलेल्या पॅनेलवर दुपारी हात ठेवता येत नव्हता. कडक पॅनेलखालून मात्र वारा खेळत होता. लवचिक पॅनेल हलकं, दिसायलाही छान. पण त्यावर पाय पडला की सेलना बारीक तडे जातात आणि ते दिसत नाहीत. मागे फ्रेम बसवायला जागा असेल तर कडकच घ्या. फक्त ती फ्रेम मजबूत हवी, वादळी वाऱ्यात पॅनेलचं शीड होतं.

खरेदीला जाण्याआधी एक दिवस बोटीवर बसा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे पडते ते खडूने आखा. वायर टिनचा मुलामा दिलेली आणि जाड घ्या, बॅटरीजवळ फ्यूज लावा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचे बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर ठेवा, नाहीतर खारी हवा चौकट खाते. होकायंत्राजवळून वायर न्यायचीच असेल तर दोन्ही तारांना पीळ द्या. आमचं होकायंत्र दुपारी चार अंश सरकायचं, आणि आम्ही ऑटोपायलटला शिव्या देत होतो.

पॅनेलांवर मीठ बसतंच. आम्ही पहाटेच्या दवातच फडकं फिरवायचो, गोडं पाणी वाचायचं.