तुम्ही विचारलंत म्हणून: मारायचेच, तर भूल कशाला?

गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाकडेही आरतीला जा, प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी काकू विचारतातच. "माशांना भूल देतेस म्हणे? शेवटी मारायचेच ना, मग भूल कशाला?"

सगळे मारत नाही, काकू. प्रयोगशाळेत झेब्राफिश या छोट्या माशाच्या शेपटीच्या पराचं टोक तेवढं कापतो, मासा परत टाकीत, पंधरवड्यात पर पुन्हा येतो. हे सांगताना माझा आवाज उगाच चढतो, कारण काही मारतोही.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे की तडफड ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. 2003 साली ट्राउट माशाच्या डोक्यात वेदना टिपणारे चेतातंतू दाखवले गेले, ते वाचूनही म्हणायचे, तंतू असणं वेगळं आणि दुखणं वेगळं. हा मुद्दा मला आजही पुरता खोडता येत नाही.

पण तो बीकर डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हाच्या आमच्या प्रयोगशाळेत ट्रायकेन या भुलीच्या औषधाची पांढरी पावडर बोअरच्या पाण्यात कालवायचे. मासे जरा वेळात आडवे व्हायचे, कल्ल्यांची उघडझाप मंदावायची, शेपटीला चिमटा घेतला तरी हलायचे नाहीत. मग आरओ बसला. पावडर तीच, मापही तेच. पहिला मासा सोडला तर तो काचेवर थडाथड आपटायला लागला. तोंड पाण्याबाहेर काढलं, आणि एका उडीत थेट ओट्यावर. कल्ल्यातून बुळबुळीत तार लोंबत होती. सर म्हणाले, "होतं असं. अजून थोडी घाल." मी घातली नाही. पीएचची पट्टी बुडवली, तर चारच्याही खाली! पावडर मुळातच आम्लधर्मी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ते आम्ल मारत होते. आरओच्या पाण्यात मारायला काही उरलंच नव्हतं. म्हणजे भुलीच्या नावाखाली आम्ही माशाला आम्लात सोडत होतो. उपाय आपल्या ढोकळ्यातलाच, सोडा! पीएच सातवर येईपर्यंत घातला. पुढचा मासा तिरका झाला, आडवा झाला, बस्स.

बेडकाची तऱ्हा आणखी निराळी. तो औषध कातडीतून शोषतो, म्हणून माप माशाच्या कितीतरी पट लागतं. वर नाकपुड्या पाण्याबाहेर राहतील हे बघायचं, नाहीतर भुलीतच बुडायचा. उताणा केल्यावर पालथा होईना की भूल चढली समजायचं. बाबांच्या बी.एस्सी.च्या वेळी क्लोरोफॉर्मची बरणी असे. "बर्फात ठेवा की, फुकटात गार पडतील," हा सल्लाही त्यांचाच. गारठून हालचाल थांबली म्हणजे दुखणं थांबलं असं नव्हे, हे त्यांना अजून पटत नाही.

सोड्याने मी सुटले असं मात्र समजू नका. 2013 च्या एका प्रयोगात झेब्राफिशना एका बाजूला साधं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भुलीचं पाणी दिलं. नऊ औषधांपैकी सात त्यांनी टाळली. ट्रायकेन त्या सातांतलंच. म्हणजे ज्याला मी दया म्हणते, त्यापासूनही मासा पळतो. तरी देते. नुसत्या कात्रीपेक्षा हे बरं, असा माझा हिशेब. माशाला कुणी विचारलेलं नाही.

आणि काकू, भूल कशाला म्हणून विचारता, त्याचं उत्तर निदान एवढं तरी देता येतं. मारता कशाला विचारलं असतंत, तर मी प्रसाद घेऊन आत स्वयंपाकघरात गेले असते.