दीडशे पीससाठी डाय बनवायची का?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली वॉचमनला दाखवणारं एक छोटं युनिट आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्या, ऑर्डर कधी चाळीसची तर कधी दीडशेची, आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच की अरे प्लास्टिकच्या पार्टची एकदाची डाय (म्हणजे पार्ट पाडायचा स्टीलचा साचा) बनवून मोकळे का नाही होत? वसईचा डायवाला पण तेच म्हणतो, पण त्याचा तो धंदाच आहे.

हिशोब तसा सोपा आहे. समजा डाय दीड लाखाची, त्यातून पीस पडणार ८ रुपयांना आणि तोच पीस थ्रीडी प्रिंट करून १८० ला, म्हणजे फरक १७२ चा, साधारण ८७२ पीस गेले की डाय वसूल. कागदावर झकास! पण तेवढे पीस जाईपर्यंत डिझाइनला हात लावायचा नाही ही अट त्यात कोणी लिहीत नाही. आमच्याकडे कधी सेन्सरची केबल जाड येते, कधी पीसीबीवरचा (सर्किट बोर्डवरचा) कनेक्टर मार्केटमधून गायबच होतो, कधी सेक्रेटरी काकांना दिवा उजवीकडे हवा असतो. स्टीलच्या डायमधून मटेरियल काढणं सोपं, म्हणजे पार्ट जाड करता येतो, पण पार्ट बारीक करायचा तर डायमध्ये वेल्डिंग भरा नाहीतर नवीन इन्सर्ट (डायमध्ये बसवायचा बदली तुकडा) टाका, आणि हा खर्च कोटेशनमध्ये कुठेच नसतो. त्यामुळे मी पीसचा रेट नंतर बघतो, आधी हे बघतो की हा पार्ट वर्षभर असाच राहणार आहे का.

थ्रीडी प्रिंटच करा सगळं, असं म्हणणारे पण भेटतात. गच्चीवर पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) चालत नाही, ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्याच्या उन्हात काळा डबा किती तापतो ते हात लावून बघा. एबीएस प्लास्टिक तापमान झेलतं पण उन्हाने पिवळं पडून ठिसूळ होतं, बाहेरच्या कामाला एएसए प्लास्टिक घ्यावं. आणि हुक किंवा क्लिप उभी प्रिंट केली तर लेयरवरच (थरांच्या जोडावरच) तुटते, आडवी झोपवून काढायची. लॉक होणाऱ्या क्लिपा असतील तर एसएलएसचं (लेझरने पावडर वितळवून प्रिंट करायचं) नायलॉन बरं, त्यात सपोर्ट लागत नाही, पावडरमध्येच एकावर एक रचून भरपूर पीस एका बॅचमध्ये निघतात.

व्हॅक्युम कास्टिंग (सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून पीस काढणं) दिसायला एकदम मोल्डिंगसारखं, पण सिलिकॉनचा एक मोल्ड वीस-पंचवीस पीसमध्ये दमतो, म्हणजे दीडशेला सहा ते आठ मोल्ड झाले. एक्झिबिशनला ठेवायला मस्त, आमच्या कामाचं नाही.

आम्ही शेवटी काय केलं तर पार्टच वेगवेगळे केले, प्रत्येकाला वेगळी पद्धत. बाहेरचा डबा बनवायचाच कशाला, लोहार चाळीत (मुंबईचं इलेक्ट्रिकल मार्केट) आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, जंक्शन बॉक्स तयार मिळतात, फक्त भोकं मारायची. ब्रॅकेट शीट मेटलचा, लेझर कटिंग आणि बेंडिंग, डाय-बिय काही नाही, भोक बदललं तर फक्त फाईल बदलायची (पण भोक बेंडच्या फार जवळ घेऊ नका, वाकवताना लांबट होतं). समुद्राजवळच्या बिल्डिंगला ३१६ ग्रेडचं एसएस (स्टेनलेस स्टील) द्यावं, ३०४ वर खाऱ्या हवेने तपकिरी डाग पडतात आणि मग फोन येतात. केबलचा ॲडाप्टर गोल आहे, तो साकीनाक्याच्या लेथवाल्याकडे डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) रॉडमधून टर्निंग. गोल पार्ट दिसला की प्रिंटरकडे बघायचंच नाही. मिलिंगचं काम असेल तर आतले कोपरे गोल ठेवा, ६ एमएमच्या कटरला ३ पेक्षा थोडा जास्तच रेडियस द्या, तिथे काटकोन मागितला की रेट उडतो. आणि आतला पीसीबी होल्डर, जो सतत बदलतो, तेवढाच प्रिंट. बदलणारी सगळी भानगड त्या एका होल्डरमध्ये कोंबलीये.

अजून एक मधला रस्ता आहे जो यूट्यूबवाले सांगत नाहीत, हँड मोल्डिंग. छोटं हाताने दाबायचं मशीन, साधी डाय, इजेक्टर (पीस ढकलून काढणाऱ्या पिना) वगैरे नाही, कारागीर हातानेच डाय उघडून पीस काढतो. डाय स्वस्तात होते, मजुरी जास्त लागते, आणि जाड पार्टला खड्डा पडतो कारण प्रेशर कमी. छोट्या पातळ पार्टला मात्र उत्तम.

सेन्सरची टोपी गेली दोन वर्षं जशीच्या तशी आहे, तर तिची हँड मोल्डची डाय टाकतोय. सिंगल कॅव्हिटी (एका वेळी एक पीस), साइड कोर (बाजूने सरकणारा भाग) नाही, भिंत सगळीकडे २ एमएम, ड्राफ्ट (पीस सहज सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) दीड डिग्री. ड्रॉईंग पाठवलंय, कोटेशन यायचंय.