बिजागरी पाहून चाकू घ्यावा

चाकू पसंत करताना बहुतेकांचे लक्ष आधी धारेकडे जाते. पात्यावर अंगठा आडवा फिरवून पाहायचा, समाधानाने मान डोलवायची आणि निर्णय घेऊन टाकायचा, ही पद्धत भाजीच्या सुरीपुरती ठीक आहे. मासा फिले करण्यासाठी खिशात मावणारा घडीचा चाकू निवडायचा असेल, तर मात्र धार सगळ्यात शेवटी पाहावी असे माझे मत आहे. धार कोणत्याही चांगल्या पात्याला नंतर लावता येते; बिजागरी जशी हाती येते तशीच ती चाकूच्या अखेरपर्यंत सोबत राहते.

फिले करताना माशाच्या आडव्या तुकड्या पाडायच्या नसतात, तर मणक्याच्या दोन्ही अंगांचे मांस अखंड उतरवून घ्यायचे असते. कल्ल्याच्या मागे, छातीच्या पराला लागून मणक्यापर्यंत एक तिरपा छेद द्यायचा, मग पाते आडवे करून पाठीच्या कडेने शेपटीकडे सरकत जायचे आणि बरगड्या आल्या की त्यांच्या उतारावरून पाते अलगद पुढे न्यायचे. पाते काट्याला चिकटून चालले आहे की मांसात भरकटले आहे, हे त्या वेळी डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळते, कारण टोक एकेका काट्यावरून घासत गेल्याची बारीक करकर मुठीपर्यंत पोहोचते. गोल अंगाच्या माशाचे असे दोन फिले निघतात, चपट्या माशाचे चार. शेवटी शेपटीकडचे टोक घट्ट धरून, पाते जवळजवळ सपाट ठेवून कातडी सोलायची. या सगळ्या कामाला जोर फारसा लागत नाही. लागते ते वाकणारे, बारीक पाते.

इथेच घडीच्या चाकूची पंचाईत होते. फिलेसाठी मुद्दाम केलेल्या अखंड सुऱ्यांची पाती साधारण १५ ते २३ सेंटिमीटर लांब असतात. घडीच्या चाकूचे पाते त्याच्या मुठीत मावावे लागते आणि मूठ खिशात. त्यामुळे १० ते १२ सेंटिमीटरच्या पुढे जाणे अवघड होते. लांबी घटली की लवचिकपणाही घटतो, आणि तो हळूहळू नव्हे तर झपाट्याने घटतो. एका टोकाला पक्क्या धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकावर तेवढाच भार दिला, तर तिचे वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते आणि जाडीच्या घनाप्रमाणे कमी होते. म्हणजे जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली, तर वाकणे एक अष्टमांशावर येते. पूर्वीइतके वाकायला हवे असेल, तर जाडीही निम्मी करावी लागते. पाते टोकाकडे निमुळते असल्याने प्रत्यक्षात हिशेब थोडा बदलतो, पण दिशा तीच राहते. घडीचे बहुतेक चाकू नेमके उलट्या बाजूला गेलेले असतात. मजबुतीच्या नावाखाली त्यांना तीन-तीन मिलिमीटर जाडीची पाती बसवलेली असतात, ज्यांनी दोर कापावा, खोकी फोडावीत; माशाच्या बरगडीवरून ती वळत नाहीत, बरगडी कापून पलीकडे जातात आणि ज्या काट्यांपासून मांस सोडवायचे, तेच काटे फिलेत येऊन बसतात.

‘पोलाद मऊ आहे म्हणून पाते छान वाकते’ असे काही जाणकार ठासून सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पण त्यांचे ऐकूही नये. पोलाद कोणतेही असले तरी त्याचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. पाते किती वाकेल हे त्याचा आकार ठरवतो. कठिणपणावर ठरते ते पुढचे, म्हणजे वाकलेले पाते पुन्हा सरळ होईल, वाकडेच राहील की तुटेल. पोलाद निवडताना खरा प्रश्न गंजाचा असतो. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेले पोलाद स्टेनलेस मानले जाते, पण खाऱ्या पाण्याचे थेंब तसेच वाळू दिले तर त्यालाही बारीक खड्डे पडतात, आणि पहिला खड्डा बहुधा बिजागरीच्या आत, कोणाला न दिसणाऱ्या जागी पडतो.

पुन्हा बिजागरीकडेच यावे लागते ते यासाठी. वाकणारे पाते आपला सगळा ताण आडव्या दिशेने बिजागरीच्या खिळ्यावर टाकते, आणि घडीच्या चाकूचा खिळा आडव्या ताणासाठी क्वचितच घडवलेला असतो. म्हणून चाकू उघडून मूठ एका हातात घट्ट धरावी आणि पात्याचे टोक दुसऱ्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. पात्याची बारीक लवचिकता आणि बिजागरीतली खुळखुळ यांतला फरक बोटांना लगेच समजतो. नव्या चाकूत खुळखुळ असेल, तर तो मुकाट्याने परत ठेवावा.

पाते उघडे धरून ठेवणारा खटकाही तितकाच महत्त्वाचा आहे. सरळ कापताना पाते उघडण्याच्याच दिशेला दाबले जाते, त्यामुळे खटका नसला तरी चालेल असे वाटू शकते. पण पात्याच्या पाठीने खवले खरवडताना किंवा काट्यात अडकलेले टोक मागे ओढताना जोर उलटा पडतो, आणि मग ओल्या, बुळबुळीत बोटांवर पाते मिटते. नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहणारे चाकू मी या कामासाठी बाजूला ठेवतो. मुठीच्या आतली पत्री सरकून पाते अडवणारा प्रकार कोरड्या कामाला उत्तम, पण माशाचा चिकटा त्या पत्रीच्या मागे शिरला की तिथून निघत नाही. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० मध्ये सुरू झालेल्या ओपिनेल चाकूंना १९५५ पासून मिळालेले, पाते अडवणारे फिरते कडे मला या बाबतीत सरस वाटते. ते बाहेरच असल्यामुळे धुता येते आणि घट्ट बसले की नाही हे दिसते. याच घराण्यात अरुंद, निमुळत्या पात्यांची एक वेगळी मालिका आहे, जी फिलेच्या कामाला बरीच जवळची आहे. उणीव एकच, मूठ लाकडाची. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि पाते आत अडकते. मग मुठीचे मागचे टोक कठीण जागेवर हलकेच आपटून पाते थोडे बाहेर काढावे लागते. काहींना ही युक्ती दाखवायला आवडते. हात थंडीने आखडलेले असताना ती तितकीशी मौजेची वाटत नाही.

दोन फळ्यांची मूठ असेल तर चाकू उघडून ती उजेडासमोर धरावी. आरपार उजेड दिसला, तर पाणीही आरपार जाईल. मागून बंद असलेल्या मुठीत रक्त, चरबी आणि खवले साठतात, आणि चार दिवसांनी खिसाच त्याची वार्ता देऊ लागतो. मळसूत्र फिरवून सुटा करता येणारा चाकू मिळाला तर उत्तमच. धुताना आधी थंड पाणी वापरावे, कारण गरम पाण्याने रक्त गोठून चिकटते. मग साबण, पूर्ण सुकवणे आणि खिळ्यावर खाद्यवापराला चालणाऱ्या खनिज तेलाचा एक थेंब. स्वयंपाकाचे तेल घालू नये, ते काही काळाने डिंकासारखे चिकट होते.

खिशाचा विचार करताना कायद्याचाही करावा लागतो, आणि तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगता येतो, पण पाते खटक्याने पक्के होत असेल तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे बोटांच्या दृष्टीने जो चाकू सुरक्षित, तोच कायद्याच्या नजरेत अधिक संशयास्पद.

राहिला माशाच्या आकाराचा प्रश्न. पाते माशाच्या पाठीपासून पोटापर्यंतच्या रुंदीपेक्षा थोडे लांब असले, तर एकाच ओढीत मांस सुटत जाते. आखूड असले तर करवतीसारखे मागे-पुढे करावे लागते आणि फिलेवर पायऱ्या उमटतात. दहा सेंटिमीटरच्या पात्याने तळहाताएवढ्या रुंदीचा मासा नीट उतरतो. त्याहून मोठे मासे मिळण्याचा संभव असेल तर घडीच्या चाकूचा हट्ट सोडावा आणि म्यानातली लांब, अखंड सुरी बरोबर घ्यावी. तिला बिजागरीच नसते.