चार तासांच्या उपचारासाठी अख्खा दिवस

आज मावशीला डायलिसिसला घेऊन गेले. उपचार ४ तासांचे, पण पहाटे ५ ला निघालो आणि घरी टेकलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन बस बदलायच्या, मधे थांब्यावर ताटकळायचं. मावशीने रिपोर्टची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी घट्ट धरली होती, अगदी झोप लागली तेव्हासुद्धा. आठवड्यातून तीनदा हेच. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, तो वेगळाच.

शेजारच्या खाटेवरच्या बाई चालत आल्या होत्या. आजार तोच, मशीन तसंच. फरक फक्त घर कुठे आहे याचा.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की चांगल्या उपचारांची जिथे जास्त गरज, तिथेच ते कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा बाजारावर सोडली की हे आणखी वाढतं. इतकी वर्षं झाली, तरी आपण उपचार मोफत आहेत का एवढंच विचारतो. तिथवर पोचायला माणसाचं काय काय खर्ची पडतं, हे कुणी मोजतच नाही. मला याचा फार त्रास होतोय.

परवा पुन्हा ५ ची बस. मावशीने फाईल आत्ताच दाराशी ठेवलीय.