हिरव्या खुणेआडची चूक

मंगळवार, रात्र

नव्या सॉफ्टवेअर टेस्टरांसाठी लिहिलेली आमची मार्गदर्शिका आज दुरुस्तीला घेतली. ऱ्हस्व-दीर्घ, तुटलेल्या लिंक, जुने स्क्रीनशॉट हे सगळे भराभर उरकले. पायथॉनच्या मॉकवरील (चाचणीत खऱ्या फंक्शनच्या जागी ठेवायच्या नकली वस्तूवरील) उदाहरणापाशी मात्र बराच वेळ गेला.

पावतीचा ईमेल पाठवणारे फंक्शन एकदाच आणि योग्य पत्त्यासह बोलावले गेले का, हे पाहण्यासाठी तिथे ‘असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ’ हवे होते. लिहिले होते नुसते ‘कॉल्ड_वन्स_विथ’. मॉककडे जे अ‍ॅट्रिब्यूट (वस्तूशी जोडलेले नाव) मागावे ते तो जागच्या जागी तयार करून देतो, त्यामुळे ही ओळ काहीही न तपासता निमूटपणे पुढे जाते आणि ईमेल मुळात गेलाच नाही तरी चाचणी हिरवीच, म्हणजे उत्तीर्ण, दिसते. पायथॉन 3.12 पासून अशा नावावर अ‍ॅट्रिब्यूटएरर (असे नाव चालणार नाही हे सांगणारी त्रुटी) येतो, परंतु आमचा प्रकल्प अजून 3.9 वर आहे. (घाईत ‘असर्ट’ची अक्षरे उलटसुलट होतात हे ओळखून 3.5 मध्येच ‘असरेट’ने सुरू होणारी नावेही अडवली गेली, हे ज्याला सुचले त्याने माणसांचे टंकलेखन जवळून पाहिले असावे.)

दुसरी चूक वयोमर्यादेची. मार्गदर्शिकेत ‘वय 18 पेक्षा जास्त असल्यास अर्ज स्वीकारावा’ असे होते, तर त्याखालील तक्त्यात 17 ला नकार आणि 18 व 19 ला होकार. सीमेवरच्या मूल्यांची चाचणी ज्या एका आकड्यासाठी करायची, नेमका त्याबद्दलच मजकूर आणि तक्ता यांचे जमत नव्हते. वाक्य सुधारायचे की तक्ता, हे अंदाजाने ठरवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मूळ आवश्यकता उघडली. तिथे ‘18 वर्षे पूर्ण’ असे स्पष्ट होते. वाक्य बदलले.

शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गटात) आणि या दोन स्वतंत्र कमिटमध्ये ठेवल्या, कारण वेलांट्यांच्या गर्दीत अर्थ बदलणारी ओळ तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते.

मग आधी टिंब देऊन ‘.कॉल्ड_वन्स_विथ’ सगळ्या कोडमध्ये शोधले, म्हणजे बरोबर लिहिलेल्या ओळी मध्ये येणार नाहीत. ते उदाहरण काही चाचण्यांत जसेच्या तसे उतरलेले निघाले. त्या दुरुस्त करून चालवल्यावर परताव्याच्या सूचनेची चाचणी लाल झाली: सूचना दोनदा जात आहे. त्याचा बग नोंदवून ठेवला आहे.